तराजूवरची पेटी

जूनअखेर, कोचेव्येच्या जंगलात,
झोफ्का फरच्या खालच्या फांदीखाली
पांढरा कागद धरते
आणि शंभरपर्यंत मोजते.

ठिपके पडतात.
टप म्हणावं एवढेही मोठे नाहीत.
ती बोट टेकवते, चाखते,
पुतण्याला फोन करते :
ब्लाझ, पेट्या आण. आजच रात्री.

पाऊस नाही हा.
वर सुयांच्या बेचक्यात मावा बसलाय,
सोंड झाडाच्या शिरेत रोवून.
ओढावंही लागत नाही त्याला,
झाडाचाच दाब रस तोंडात ढकलतो.
रसात साखर उदंड, बाकी सगळा दुष्काळ;
मग पिंपभर प्यायचं, चिमूटभर ठेवायचं,
उरलेलं मागच्या दाराने बाहेर.
त्या मागच्या दाराशी
अर्धं जंगल वाटी घेऊन उभं.

आमच्याकडे याला चिकटा म्हणतात
आणि फवारा शोधतात.
मावा म्हटलं की मला तर आधी पेढाच आठवतो.
झोफ्काला हे सांगितलं, ती हसली.
तिच्या भाषेत मधाला मेद म्हणतात.
मध, मेद :
एका मात्रेचं आणि एका श्वासाचं अंतर.

रसात जे नाही ते शिजवणारे
माव्याच्या पोटातच राहतात,
जिवाणू, कोट्यवधी वर्षांचे बिऱ्हाडकरू,
बाहेर जगायचं विसरून गेलेले.
आई ते लेकीला देते
विरजण द्यावं तसं,
वाटीभर नाही, बोटाला लागेल तेवढं.
आणि लेक काय, रोजच होते.
उन्हाळाभर नर नाही, लग्न नाही,
आईच्या पोटात लेक,
लेकीच्या पोटात नात आधीच तयार.
झोफ्काला मूल नाही.
भिंगातून हे पाहून ती एवढंच म्हणाली,
"केवढी घाई."

मुंग्या शिंगांनी पाठ थोपटतात, थेंब घेतात,
ढालकिडा आला तर चावून हाकलतात.
लोक त्यांना गवळी म्हणतात.
खरंच आहे. दूध आटलं
की त्याच मुंग्या गाय खातात.

एक बारीक काळी गांधीलमाशी मात्र
अंगाला मुंग्यांचाच वास लावून
पहाऱ्यातून सरळ चालत येते.
माव्यात एक अंडं ठेवते. जाते.
मावा पीत राहतो,
काही दिवस त्याला काहीच कळत नाही.

पहिल्या दिवशी तराजूवरची पेटी तीन किलोने वाढली.
दुसऱ्या दिवशी चार.
झोफ्का आकडे लोव्रेन्त्सच्या वहीत लिहिते,
त्याच्या अक्षराखाली, त्याच्याच पेन्सिलीने.
वहीत एका वर्षापुढे नुसतं लिहिलंय : दहा दिवस उशीर.
तेव्हा त्याने पेट्या हलवल्या नव्हत्या.
वजन वाढत होतं, कोण हलवणार?
मध पोळ्यातच दगड झाला.
फेब्रुवारीत झाकण उघडलं
तर भरल्या घरात माश्या उपाशी मेलेल्या,
डोकी पोळ्यात खुपसून.
त्यानंतर तो वजनाआधी
फांद्या बघायला लागला.

म्हणून आज तराजूवर साडेचार किलो असताना
ती शिडीवर चढलीये, चष्मा दोरीला,
आणि मेलेला मावा मोजतेय :
फुगलेली, गव्हाळ टरफलं,
प्रत्येकाच्या पाठीला एक गोल भोक,
कंपासने काढल्यासारखं.
दहात एक. पुढच्या फांदीवर दहात तीन.
त्यापुढच्या फांदीवर ती आकडा सांगत नाही.

"ब्लाझ, गाडी."
"अजून वाढतंय, मावशी."
"माहीत आहे."

तो नाराज होऊन पट्टे आवळतो.
ती सवयीने पुन्हा कागद धरते.
ठिपके कमी.
एक मावा पडतो, नव्या पंखांचा,
कागदाच्या कडेपर्यंत चालत जातो,
थांबतो,
आणि ती फुंकर मारत नाही.