पलीकडची पट्टी

पांचाळांची शेड रबाळ्यात, नाल्याला लागून,
जिथं कंपनीचं नाव पुसून गोदामाचा नंबर टाकलाय.
लेथ एक, तोही ताडपत्रीखाली.
बाकी एक बाक, एक वाइस,
आणि फुटक्या कपात बुडवून ठेवलेले ब्रश.

मी चाकू रुमालातून काढला.
"पातं चांगलं आहे," आधीच सांगून टाकलं,
जणू कुणी तब्येत विचारली होती.
ते म्हणाले, पातं दगडावर घासलं की परत येतं.
मूठ झिजली ती झिजली. कुणाचा?

वडिलांचा. तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात मापाडी,
एकतीस वर्षं.
गोणीची शिवण उसवायची,
एक कांदा आडवा कापून व्यापाऱ्यापुढं धरायचा,
पातं लेंग्याला पुसायचं, घडी, खिसा.
घरी त्यांचा खिसा उलटा केला की
सालं पडायची, गुलाबी, कागदाहून हलकी,
आणि पंख्याखाली घरभर व्हायची.
आई शिव्या घालायची. कांद्याला.

पांचाळांनी खिळ्यांची डोकी ड्रिलनं उडवली.
जळक्या केसांचा वास सुटला.
म्हशीचं शिंग आहे, ते म्हणाले, हल्ली कोण देतो असं.
पट्टी सुटताना बारीक चरचरली,
खपली निघावी तशी.
आत पितळेवर हिरवं पूट
आणि एक साल, चिकटून काळी पडलेली.
त्यांनी ती फुंकली नाही. मी नखानं काढली
आणि कुठं ठेवू ते कळेना म्हणून
तशीच धरून बसले.

मग त्यांनी दोन्ही पट्ट्या बाकावर मांडल्या,
चष्मा कपाळावर नेला.
"ताई, वडील डावरे होते?"
नाही हो.
"ही बघा नखाची खाच. उजव्या माणसाचा अंगठा
या बाजूला बसतो. ही पट्टी कोरी आहे.
खड्डा सगळा पलीकडच्या पट्टीला."
खरंच होता. अंगठ्याएवढा, गुळगुळीत,
शिंग तिथं इतकं पातळ की उजेड आरपार दिसला,
चहासारखा.

नाही, मी परत म्हणाले. ते उजव्या हातानं जेवायचे.
सही उजव्या हातानं. पूजाही.
डावरी मी होते, घरात एकटी.
कोपरखैरण्याच्या त्या चाळीत
माझ्या डाव्या मनगटाला सुतळी बांधून
दुसरं टोक खाटेच्या पायाला,
जेवण होईपर्यंत. गाठ सैल असायची,
ओढली असती तर सुटली असती.
मी ओढली नाही.
जेवण झालं की ते सुतळी कापायचे, याच चाकूनं.
कुठल्या हातानं, ते आठवत नाही.
मी ताटाकडं बघत असे.

त्यांना कुणी बांधलं असेल,
पाटण तालुक्यातल्या कुठल्या ओसरीवर,
कशानं, किती घट्ट.
आणि पहाटे चार वाजता, मार्केटातल्या पिवळ्या दिव्याखाली,
जिथं घरचं कुणी नाही,
तिथं एक कांदा हातात घेऊन
त्यांनी चाकू पहिल्यांदा इकडचा तिकडं केला असेल.
हे मी आत्ता रचतेय. पांचाळांना सांगितलं नाही.

नव्या पट्ट्या शिसवीच्या.
वाशीत कुणी टाकलेल्या पलंगाचा पाय, ते म्हणाले,
लाकूड पन्नास वर्षं मुरलंय, फुगणार नाही.
ऐंशी नंबरचा कागद, मग दोनशेचा, मग चारशेचा.
पितळी तारेचे खिळे, हातोडीच्या बारीक टोल्यांनी फुलवलेले,
घासून लाकडाशी सपाट.
जवसाच्या तेलाचं बोट फिरलं
तसा रंग खालून वर आला.
"जुन्यासारखी खोलगट हवी का या बाजूला?"
नको. सरळच राहू द्या.

झिजलेली पट्टी मात्र मागून घेतली.
खड्ड्यात अंगठा ठेवून पाहिला.
माझा लहान पडतो,
टेकला तरी कडेला जागा उरते.

दोनशे ऐंशी झाले.
नोटा डाव्या हातानं काढल्या, मोजल्या,
आणि देताना,
सवयीनं,
उजव्या हातात घेतल्या.