कै म्हणजे हात

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या दाराशी
एक निळा पत्रा आहे :
अपघाताविना गेलेले दिवस.
खाली तीन खिळे, तीन आकडे.
सकाळी आठच्या भोंग्याआधी
उजवीकडचा आकडा मी बदलते.
पगार टाइम ऑफिसचा, हे काम फुकटातलं.

नोंदवहीही माझ्याच खणात.
लाल कापडी पाठीची, कानडीत छापलेली.
आधी हेसरू, म्हणजे नाव. मग दिनांक, मग गाय.
पहिल्या वर्षी मी हसले होते, गाय कसली?
गाय म्हणजे जखम.
पुढे कै, कालु, कण्णु :
हात, पाय, डोळा. एकावर खूण करायची.
अपघाताला मात्र दोन्हीकडे अपघातच,
आणि कारणाला कारण.

मंगळवारी पावणेचारला
भरमा हलगेकरची दोन बोटं ट्रिमिंग प्रेसखाली गेली.
जाळी भिंतीला टेकवलेली होती.
जाळी लावली की तासाला तीस नग कमी पडतात,
आणि पुण्याचा ट्रक शनिवारी.

तल्लूर साहेब वाईट माणूस नाही.
स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं,
सीटवर रक्त सांडलं तर काही बोलला नाही.
परत आल्यावर चहा मागवला आणि म्हणाला,
अठ्ठेचाळीस तास गैरहजर राहिला
तरच वर कळवायचं. नियमच आहे तसा.

म्हणून गुरुवारी सकाळी
कंपनीची ओम्नी धामण्याला गेली
आणि भरमाला घेऊन आली.
माझ्या शेजारी स्टूल टाकलं.
हजेरीवर डाव्या अंगठ्याचा ठसा.
काम : हलकं.
हातमोजे मोजायला दिले त्याला.
जोड्यांनी.

माझं अक्षर चांगलं आहे,
शाळेत बक्षीस होतं त्याला.
त्याच अक्षरात मी सहा वर्षं लिहीत आलेय :
किरकोळ. किरकोळ. मलमपट्टी करून कामावर रुजू.
मागे रोगांचं पान आहे.
सँड प्लांटचा नागोजी अष्टेकर
टाइम ऑफिसच्या चार पायऱ्यांत दोनदा थांबतो,
नळाखाली थुंकतो ते बराच वेळ वाहून जात नाही.
तंबाखू खातो तो, साहेब म्हणतो.
ते पान इतकं कोरं
की वही तिथं उघडायला गेलं तर शिवण करकरते.

दुपारी भरमानं मोजे बाजूला ठेवले.
त्याला कानडी वाचता येतं, मला वाटलं नव्हतं.
माझ्या हाताखालचं पान बघत म्हणाला,
बाई, त्यात माझं नाव हाय न्हवं?
मी म्हटलं, लिहायचंय अजून.
न्हाई, घाई न्हाई, तो म्हणाला.
पर उद्या मीच न्हाई म्हणालो असतो
तर कुणाला इचारायचं?

कै.
आपल्याकडे हे अक्षर
नावाच्या आधी लावतात, टिंब देऊन,
माणूस गेल्यावर.
मी त्या छापील अक्षरावर पेन ठेवून
पंखा आठवेळा फिरून येईपर्यंत बसले असेन.

मग खूण केली.
कारण : जाळी काढलेली होती.
कुणी काढायला सांगितली : त्याला रकाना नाही,
ते समासात लिहिलं, उभं, बारीक.
शाईनं.
कळवायचा कागद दोन प्रतींत भरला,
एकीवर पोस्टाची पोच घेतली,
ती डब्याच्या झाकणात, चपातीच्या फडक्याखाली.

काल रात्री झोप लागली, हे सांगायला लाज वाटते.
घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे,
साहेबाचा चहा मी सहा वर्षं प्यालेय.

आज शुक्रवार.
पत्र्यावर चारशे बारा होते.
चार काढला. एक गंजून चिकटला होता,
त्याला किल्लीनं उचकटला. दोन काढला.
डब्यातून शून्य घेतलं.
शून्याला एक खिळा पुरतो.

भरमा गेटातून आत येत थांबला,
पत्र्याकडे बघत राहिला,
त्या दोन मोकळ्या खिळ्यांकडे.
भोंग्याला सहा मिनिटं होती.