गिलावा

गोंदरला आमच्या चर्चच्या छतावर
नुसते चेहरे आहेत. पंखवाले, ओळीने,
आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर.
लहानपणी मी नेतेला कपाळापर्यंत ओढून
मान खाली घालून उभी राहायचे;
वाटायचं, काल चोरून खाल्लेली साखर
वरून दिसत असणार.

वडील अजूनही संत रंगवतात, पाद्री सांगतील ते.
सज्जन माणूस समोरून, दोन डोळ्यांचा.
दुर्जन बाजूने, एका डोळ्याचा.
डोळा शेवटी भरायचा, म्हणतात,
तो भरला की चित्र आपलं राहत नाही.

मी कायसेरीला आले, पूल बांधायला शिकायला.
मेसमध्ये बुधवारी, शुक्रवारी
सगळ्यावर दही.
पहिलं वर्ष उपास पाळले.
दुसऱ्या वर्षी थंडी फार होती,
असं मी स्वतःला सांगितलं.

सुट्टी लागली की मिळेल ती स्वस्त बस.
देरिंकुयूला जमिनीखाली मजल्यांमागून मजले उतरले.
दाराशी जात्यासारखा दगड, माणसाएवढा,
आतून लोटायचा.
देवाला घेऊन माणसं इथे लपली होती.
मी हवेची भोकं मोजली.
एफेससजवळ देवीच्या देवळाचा एकच खांब उभा,
त्यावर करकोच्याचं घरटं.
काहीच वाटलं नाही.
आईला फोनवर सांगितलं, फार वाटलं.

मग मार्चमध्ये सोआन्लीची दरी.
खडकात कोरलेलं चर्च, आत काजळी,
भिंतीवर संत, आमच्यासारखेच, समोरून.
झग्याच्या चुण्या शाबूत. आशीर्वादाची बोटं शाबूत.
डोळ्यांच्या जागी खड्डे.

बाहेर येऊन दगडावर बसले.
आधी राग आला,
आणि रागाच्या पाठोपाठ, सांगायला लाज वाटते,
हायसं:
चला, आता कोणी बघत नाही.

शेजारी दुदू नावाची म्हातारी
कापडी बाहुल्या मांडून बसली होती.
मी विचारलं, कोणी फोडले?
"गाईड म्हणतो, शत्रूंनी.
मास्तर म्हणतो, गुराख्यांच्या पोरांनी, दगड मारून.
माझी सासू म्हणायची,
पोराचे डोळे आले की बायका इथे यायच्या,
आधी रूम बायका, ते लोक गेल्यावर आमच्या.
नखाने गिलावा खरवडायच्या, चिमूटभर,
डोळ्यातलाच, दुसरीकडचा चालायचा नाही,
आणि पाण्यात कालवून पापणीला लावायच्या.
संत त्यांचे होते, बाई.
डोळे तर सगळ्यांच्याच पोरांचे येतात."

गुण यायचा का?

तिने एका बाहुलीच्या तोंडावर पेनाने
दोन ठिपके दिले, फुंकर मारली.
"कधी यायचा. कधी नाही.
तुझ्या दवाखान्यात काय होतं?"

मग भाकर काढली, वाडगाभर दही.
मी म्हटलं, आज शुक्रवार.
(कुठून आलं तोंडात, कोण जाणे.)
तिने का म्हणून विचारलं नाही.
वाडगा आपल्याकडे ओढला,
आणि माझ्यासाठी मुठीने कांदा फोडला.

मोबाईलची बॅटरी लावून परत आत गेले.
खड्ड्यांच्या कडेला बारीक उभे ओरखडे,
शेकड्यांनी.
खालच्या ओळीचे सर्वांत खोल,
कडेवर मूल घेतलेल्या बाईचा हात
सहज पोचेल तिथले.
घुमटाजवळ दोघे संत मात्र धड होते,
टपोऱ्या, काळ्याभोर डोळ्यांचे.
दगड मारले असते तर त्यांनाही लागले असते,
एवढा हिशेब मला येतो. पुढचा नाही.
ते दोघे मला उगीच
परक्या लग्नात आल्यासारखे वाटले.
खालच्या एकाच्या खड्ड्यात मी बोट ठेवलं.
गार होतं. पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.
काही मागायचं सुचलं नाही,
बोट मात्र लगेच काढलं नाही.

रात्री वडिलांना सगळं सांगितलं.
वाटलं, चिडतील.
लाइनवर कुणाची तरी मोटरसायकल गेली,
कुत्रं भुंकलं, थांबलं.
मग म्हणाले,
"म्हणजे खालच्या ओळीला
रंग जरा जाड द्यायला हवा."