खळ

पक्ष निघाला तेव्हा आम्ही नऊजण होतो,
आणि बाकडं एक.
घोडपदेवच्या खोलीत मी आईच्या टोपात खळ शिजवायचो,
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद,
नाहीतर उंदीर रात्रीतून जाहीरनामा खायचे.
तो टोप आईनं परत चुलीवर चढवला नाही.

भिकाजी आंगचेकर शिडीवर, मी खाली बादली धरून.
"सरळ लागलाय का रे?"
एवढंच विचारायचा.

शाखेच्या वहीत पहिली तक्रार त्याच्याच अक्षरात:
बारा नंबर चाळ, नळ कोरडा.
दुसऱ्या दिवशी रिकामे हंडे घेऊन
आख्खी चाळ वॉर्ड ऑफिसात बसली होती.

बारा नंबरच्या जागी आता टॉवर.
तळमजल्यावर आपलंच कार्यालय, काचेचं,
पाणी बाटलीत.
पोरगा म्हणाला, काका, सदस्य क्रमांक?
म्हटलं, नंबर कसले, नऊच तर होतो.
त्यानं काहीतरी टाईप केलं.
नाव आढळत नाही, म्हणाला. चहा मात्र पाजला.

बाहेर साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
एकवीस चेहरे,
चौघे तर मागच्या खेपेला समोरून लढलेले.
सवयीनं दोन पावलं मागे सरलो.
सरळ लागलाय, भिकाजी.
पण चिकटवलेला नाही रे,
सुतळीनं बांधलाय नुसता.