प्रूफ, पान त्रेचाळीस

साखर पेठेतल्या प्रेससाठी
मी ऱ्हस्वाचं दीर्घ करते, दीर्घाचं ऱ्हस्व.
सोळा पानांच्या फॉर्मला साठ रुपये.
महिन्याला एक रहस्यकथा,
महिन्याला एक बाई मेलेली.

पहिल्याच प्रकरणात मरते ती.
बोलायला मिळते एक किंकाळी,
तिच्यापुढं तीन उद्गारचिन्हं.
मी दोन कापते.
पदर ढळलेला असतोच,
चंद्रही खिडकीतून नेमका तिथंच पडतो.
रक्त येतं, पण डाग धरत नाही,
फरशी कुणाला पुसावी लागत नाही.
इन्स्पेक्टर वाकतो. म्हणतो, काय सौंदर्य होतं!
आणि सिगारेट शिलगावतो.
(त्या पुस्तकांत विडी कुणीच ओढत नाही.)
जिवंत राहणाऱ्या बायका दोन:
एक दुधात विष कालवते,
दुसरी इन्स्पेक्टरला चहा देते.
काना-मात्रा बरोबर असतात.
मी पान उलटते.

रात्री घरकुलात प्रूफं मोठ्यानं वाचते.
अम्मा सुपात पानं घेऊन बसलेली.
पत्र्याचा फर्मा, कात्री, दोरा,
हजाराला अजून दोनशे कमी.
मधेच विचारते,
‘का गं, ही बाई करती काय दिवसभर?’
मी मागची पानं चाळते, पुढची चाळते.
आरशात बघते, असं एके ठिकाणी आहे.
‘आन् मग?’
मग मरते.
‘मरू दे की,’ अम्मा म्हणते,
पुढचं पान कापते.

मे महिन्यात दारात पोलीस आले.
पंच पाहिजे. बाई पाहिजे. सही येणारी पाहिजे.

यंत्रमागाच्या शेडमागं राजव्वा कोंड्याल.
आमच्यापासून तिसऱ्या गल्लीतली.
चंद्र नव्हता. सकाळचे साडेदहा,
पत्रे तापून कडकडत होते.
शेडमध्ये टॉवेल विणणं चालूच,
खटॅक खटॅक,
माश्यांचा आवाजसुद्धा त्यात ऐकू येईना.
हवालदार सांगत गेला, मी बघत गेले:
हवाई चप्पल एक, डाव्या पायाची, पट्ट्याला सेफ्टी पिन.
ब्लाउजमध्ये प्लॅस्टिकची पिशवी,
तीत एकशे वीस रुपये, बचत गटाचं पासबुक.
उजव्या अंगठ्याच्या नखाखाली तंबाखूची काळी रेघ.
मूठ उघडी. मुठीत काही नाही.
(पुस्तकात कोटाचं बटण असतं.)
व्यवसाय, या शब्दापुढं त्यानं लिहिलं, घरकाम.
मी म्हटलं, विडी. पंधरा वर्षं.
त्यानं घरकाम खोडलं नाही.
वर बारीक अक्षरात विडी लिहिलं,
मी सुटलेला शब्द लिहिते तसं,
काकपद देऊन.

त्या रात्री पान त्रेचाळीस होतं.
महाबळेश्वरचा बंगला, रेशमी गाउन,
‘तिचे कमळासारखे हात निष्प्राण पडले होते.’
सगळं शुद्ध होतं.
निष्प्राणमधला षसुद्धा पोटफोड्या.
मी बराच वेळ तशीच बसले.
मग लाल पेनानं कमळ काढलं,
समासात लिहिलं:
उजव्या अंगठ्याच्या नखाखाली तंबाखूची काळी रेघ होती.

कंपोझ करणाऱ्या पोरानं लावलं. तो अक्षरं बघतो, अर्थ नाही.
लेखकांचा फोन आला नाही.
मालकांनी गठ्ठे मोजले, स्टँडवर पाठवले.
बंगल्यातल्या बाईच्या नखात तंबाखू कुठून आली,
इन्स्पेक्टरनं शेवटपर्यंत विचारलं नाही.
पुराव्यांच्या यादीत ती रेघ नाही.

छापील प्रत घरी आणली, वाचायला घेतली.
अम्माचे हात नेहमीसारखे चालू.
पान त्रेचाळीस.
कात्री थांबली.
‘परत वाच.’
परत वाचलं.
सूप तिनं मांडीवरून खाली ठेवलं,
पहिल्यांदाच, हजार पुरे व्हायच्या आधी.
‘कुणी मारलं हिला?’

पुस्तकातलं नाव मला पाठ होतं.
ते मी सांगितलं नाही.