ने

मकरपुऱ्यात, पत्र्याच्या शेडमधल्या माळ्यावर
पाण्याच्या मोटरीला अक्कल शिकवायचं आमचं काम:
टाकी भरली की थांब,
बोअरला पाणी नसेल तर उगाच फिरू नकोस.
चिप करंगळीच्या नखाएवढी,
तिच्यात जागा चार किलोबाइट.

धैवत पंचाल नवा. कॉलेजातून नुकता सुटलेला.
पहिल्याच ओळीत त्यानं प्रिंटएफ लिहिलं,
जसं आपण फोन उचलून हॅलो म्हणतो.
लिंकर म्हणाला, मावत नाही.
तेवढी एक ओळ काढली, सगळं मावलं.

"पण ताई, प्रिंटएफ तर सीमध्येच आहे ने?"

नाही रे. सीचे स्वतःचे शब्द बत्तीस.
'जर' आहे, 'नाहीतर' आहे, 'जोवर' आहे,
'परत फिर' आहे.
'सांग' नाही.
ज्या भाषेवर आम्ही दोघं पोट भरतो
तिला तोंड नाही
हे त्याला त्या दुपारी कळलं
आणि त्याचा चहा गार झाला.

मग मीच नियमांचं जाडं पुस्तक काढलं, फुशारकीनं,
आणि फसले.
पुढं भाषा, मागं लायब्ररी,
पण शिलाई एकच.
वर एक सवलत: यंत्र अगदीच लहान असेल
तर मागचं बरंचसं नसलं तरी चालेल.
चालेल म्हणजे?
चष्मा काढला तरी माणूस तोच, असं?
की जीभ काढली तरी?

रात्री, दांडिया बाजारातल्या घरी
यशोधनशी पैज लागली
(तो मिरजेचा, लग्नाला सहा वर्षं):
जेवण होईतो मी निव्वळ मराठी बोलायचं.
"रसोड्यात आहे" म्हटलं, बाद.
"मला हे फावणार नाही" म्हटलं, बाद.
"वरण आंबट झालंय ने?"
त्यानं नुसतं बोट वर केलं. तिसरं.

पण 'रसोड्यात'मधला 'त' कुणाचा?
तो मी कुठून आणलेला नाही.
'चमच्याने खा', यातला 'ने' माझा.
'झालंय ने', यातला शेजारच्यांचा.
अक्षर तेच, आवाज तोच,
आणि माझ्या बोलण्याच्या माथ्यावर
अमुक इथून घेतलं आहे
अशी ओळ कुठंच नाही.
उरलेला भात मी गप्प जेवले.
पैज जिंकायचा तेवढा एकच मार्ग होता.

सकाळी धैवतनं स्वतःचं 'सांग' लिहून आणलं.
एकेक अक्षर तारेवर ठेवायचं,
ते गेलं का बघायचं,
मग दुसरं.
अकरा ओळी. मावल्या.
स्क्रीनवर उमटलं: टाकी ४७.
थोड्या वेळानं: टाकी ४८.
लोकांना मूल झाल्यावर होतात तसे त्याचे कान लाल झाले.
"पुढच्या बोर्डात पण हेच घेऊ ने?"

घेऊ. फोल्डरला मी नाव दिलं: आपलं.
दोन-तीन बोर्डांनंतर जे पोरगं येईल
ते या अकरा ओळींना भाषाच समजेल,
आणि मी त्याची चूक काढेन का,
सांगता येत नाही.

चाचणीची टाकी भरत आली.
स्क्रीनची वायर मधेच कुणीतरी उपटलेली,
मोबाइल चार्ज करायला.
शंभर कुठंच उमटलं नाही.

मोटर थांबली, पण.