रिकाम्या गाडीची उंची

'एकशे ऐंशी,' हर्षित पोरवाल म्हणाला,
आणि मग 'मिलिमीटर' असं हळूच,
जसं काही ते फारच बारीक माप आहे.

त्याला काय ठाऊक, मी मिलिमीटरवरच जेवते.
दोन बुबुळांमधलं अंतर, बासष्ट की चौसष्ट.
दोनाची चूक झाली
की भिंगाआड माणसाचं कपाळ ठणकतं
आणि चष्मा आधी कोनाड्यात जातो,
मग पोरांच्या खेळण्यांत.

विजयनगरच्या त्या शोरूमची फरशी इतकी गुळगुळीत
की गाड्यांना पोट असतं हेच विसरायला व्हावं.
माझ्या जुन्या गाडीचं पोट मात्र मला पाठ आहे.
सिमरोलचा घाट उतरून, चोरलच्या पुढे
डांबर सोडलं की ट्रॅक्टरांनी कोरलेल्या दोन चाकोऱ्या,
काळी माती विटेसारखी भाजलेली,
आणि मध्ये वरंबा, डोक्यावर गवत घेऊन.
चाकं चाकोरीत, पोट वरंब्यावर.
खर्रर्र.

मागच्या पौषात रपट्याच्या तोंडाशी
एका दगडाने ऑइलचा चेंबर फोडला.
सात चष्मे डब्यात तयार,
आणि मी काळ्या थारोळ्याकडे बघत
शेवेचा अख्खा पुडा संपवला.

गाडी ओढून आणताना लियाकत मिस्त्री म्हणाला होता,
'बाईसाब, कंपनी उंची सांगते ती रिकाम्या गाडीची.
रिकामी गाडी जाते कुठे?'

म्हणून मी पर्समधून शिंप्याचा टेप काढला,
ओढणी कमरेला बांधली
आणि फरशीवर आडवी झाले.
हर्षितने आधी मॅनेजरच्या काचेकडे पाहिलं.
खालून दिसलं ते असं:
सगळ्यांत खाली पोट नव्हतंच,
सायलेन्सरची एक पट्टी लोंबत होती.
माहितीपत्रकात तिचं नाव नाही.

'आता बसा,' मी म्हटलं.
तो बसला. मागे चहा देणारा कैलास,
दारावरचे तोमरजी, बंदुकीसकट,
पाण्याचे दोन जार, माझी भिंगांची पेटी.
पुन्हा टेप.
एकशे त्रेपन्न.
सत्तावीस मिलिमीटर माणसं.

शेजारची गाडी दिसायला बुटकी,
कागदावर एकशे शहात्तर, रंग चिखली.
तीच मंडळी पुन्हा बसवली
(तोमरजींना आता गंमत वाटू लागली होती)
तर ती टेकली फक्त अकरा.
'मॅम, पण रोडवर रुबाब त्या गाडीचाच,' हर्षित म्हणाला.
रोडवर. मी हसले, त्याला कळलं नाही.

घेतली. हप्ता सात वर्षांचा.
तोवर माझा स्वतःचा नंबर दोनदा बदलेल.
रुखडीबाईला मोतीबिंदूसाठी शहरात न्यायचं होतं,
तिचा पाय काही पायरीपर्यंत पोचेना.
तेव्हापासून डिकीत जेवणाचा एक पाट असतो.
उंची घेतली की
तिच्याखाली काहीतरी ठेवावंही लागतं,
हे लियाकतने सांगितलं नव्हतं.

परवा वरंबा गेला, रपटा गेला,
काहीच वाजलं नाही.
वस्तीच्या चिंचेखाली पोचले तर कुणी नाही.
एरवी खर्रर्र ऐकून पोरं धावत यायची,
म्हातारे खाटा सावलीत ओढायचे.
हॉर्न दिला. तो त्यांना कुणाचाही वाटला असणार.
बऱ्याच वेळाने नानूराम डोळे चोळत आला,
'आवाज नी आयो, तो समझ्या आज नी आवो.'

संध्याकाळी परतताना काच खाली केली.
वरंब्याचं वाळकं गवत
गाडीखालून सरकत होतं, सळसळ, एवढंच.
चष्मे वाटून झालेले, पेटी हलकी, मी एकटी.
एकशे चौऱ्याहत्तर तरी असेल.